हेल्वीला मी दिलेलं पत्र

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. अनघाला, म्हणजे बायकोला, मी सगळं सांगतो असं चारचौघांत म्हणत असतो – तिलाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ रेटत नाही.

२०१४ साली मी नोकरीसाठी पुण्याहून डब्लिनला आलो आणि सँट्रीत एका घरात खोली घेतली. शेजारच्या खोलीत हेल्वी राहायची. एस्टोनियाची, पस्तिशीच्या आसपासची. सकाळी एअरपोर्टवर कॉफीच्या काउंटरला उभी असायची आणि गुरुवारी संध्याकाळी एका पबमध्ये गिटार घेऊन. मला वाटायचं, छंद आहे बाईंना. मग एकदा तिने फोनवर जुना व्हिडिओ दाखवला – मैदान भरून माणसं, आणि सगळी तिच्याबरोबर तिचं गाणं म्हणताहेत.

लहानपणी ती गावच्या कोरसमध्ये गायची. एकोणिसाव्या वर्षी स्वतःचा बँड, आणि एक गाणं असं की ते देशभर प्रत्येक गाडीत वाजलं. देश केवढा? अख्ख्या एस्टोनियात पुण्याइतकीही माणसं नाहीत, हे तीच हसत सांगायची. दोन अल्बम झाले. ड्रमर आणि नवरा एकच माणूस होता, तो गेला, तसा बँडही गेला. मग लग्नाच्या पार्ट्यांत गाणं, आणि तिथेही लोक तेच एक जुनं गाणं मागणार. म्हणून ती इथे आली. ते गाणं कुणीच ऐकलेलं नाही अशा ठिकाणी.

इथे तिने इंग्रजीत सात नवी गाणी लिहिली. स्वयंपाकघरात बसून, मी कुकर लावत असताना. शिट्टी झाली की थांबायची, मग पुन्हा तिथूनच पुढे. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण त्यातलं एक ऐकता ऐकता मी वरणाची फोडणी करपवली होती, एवढं खरं.

पश्चिमेकडे समुद्राकाठी उन्हाळ्यात एक संगीत महोत्सव भरायचा. तिथे नवे गाणारे अर्जावरून निवडत. "हा एक प्रयत्न," ती म्हणाली होती, "नाही झालं तर गाणी लिहिणं पुरे." तिचा लॅपटॉप बंद पडला होता. मी छाती पुढे काढून म्हणालो, दहा मिनिटांचं काम, मी पाठवतो. सोमवारी तिने पेन ड्राइव्ह माझ्या हातात दिला. मुदत शुक्रवारची होती.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात रोज सकाळी उभ्या उभ्या सांगायचं असतं, कोणतं काम झालं, कोणतं राहिलं. जे दुपारपर्यंत होणार असतं त्यालाही आम्ही सकाळीच 'डन' म्हणून टाकतो. सगळेच म्हणतात. त्या शुक्रवारी संध्याकाळी हेल्वीने दारातच विचारलं, पाठवलंस? मी बूट काढता काढता म्हणालो, "डन." जेवून पाठवणारच होतो. जेवलो – आणि सोफ्यावर डोळा लागला. शनिवारी सकाळी अर्जाचं पान बंद झालेलं.

तेव्हाच सांगायचं होतं ना? ती खालीच होती, टोस्ट खात. मी जिना उतरलो, चहा टाकला, म्हणालो, आज थंडी आहे.

त्यानंतर तीन आठवडे ती तोंडाने काही विचारायची नाही. नुसती बघायची. अर्जात ईमेल माझा दिलाय असं मी तिला सांगून ठेवलं होतं. शेवटी एकदा म्हणालो, नाही झालं गं. ती शांतपणे म्हणाली, काय लिहिलंय त्यांनी? बघू दे.

आणि मी – दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी ते पत्र लिहिलं. नुसता नकार खोटा वाटेल म्हणून त्यात कारण घातलं. अप्रेझलमध्ये लिहितात तसं, आधी एक गोड, मग 'पण'. 'तुमचा आवाज उत्तम आहे, पण तुमच्या गाण्यांचा काळ मागे पडला आहे.' वाक्य जमलं म्हणून मला जरा बरंही वाटलं, हेही सांगून टाकतो. प्रिंट काढली आणि घरी नेऊन दिली.

तिने दोनदा वाचलं. "ग्रँड," म्हणाली, इथले लोक कशालाही म्हणतात तसं. "निदान ऐकलं तरी त्यांनी." मग तो कागद तिने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. माझे कप आणि मिसळणाचा डबा त्याच कपाटात. रोज सकाळी चहासाठी दार उघडलं की माझंच वाक्य माझ्यासमोर. मी न बघता हात घालून कप काढायला शिकलो. गिटार आधी स्वयंपाकघरातून तिच्या खोलीत गेली, मग पेटीत. २०१६च्या मे महिन्यात ती एस्टोनियाला परत गेली. जाताना मला मिठी मारून म्हणाली, तू माझ्यासाठी धडपडलास. मी तिची बॅग टॅक्सीत ठेवली.

एक गोष्ट मी अजूनही मागे ठेवली आहे. त्या शनिवारी, चहा पिऊन झाल्यावर, मी महोत्सववाल्यांना ईमेल केला होता. गाणी जोडली, चूक माझी आहे म्हणून हातापाया पडलो. बुधवारी उत्तर आलं. मुदत संपली, यंदा घेता येणार नाही. पण गाणी आम्ही ऐकली, तिसरं तर दोनदा. पुढच्या वर्षी नक्की पाठवा, आम्ही वाट बघू.

खरं पत्र हे होतं. ते दाखवलं असतं तर मुदत कुणी चुकवली तेवढं तिला कळलं असतं. तेवढ्यासाठी मी ते दाबलं आणि त्याच्या जागी माझं दिलं. हेल्वी रागावून रागावून किती रागावली असती? पुढच्या वर्षीची मुदत आली तेव्हा ती त्याच घरात होती. तो दिवस आला आणि गेला. मी कपाट उघडलं, कप घेतला, दार लावलं.

२०१९मधल्या एका रविवारची दुपार. आता आम्ही डब्लिनच्याच दुसऱ्या टोकाला, ॲडम्सटाउनला राहतो. अनघा शेजारी बसून लसूण सोलत होती आणि मी, अधूनमधून शोधतो तसं, हेल्वीचं नाव शोधत होतो. तिकडच्या टीव्हीवरची एक मुलाखत सापडली. खाली इंग्रजी अक्षरं येत होती. केस बारीक कापलेले. ती आता गावच्या शाळेत मुलांना गाणं शिकवते. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, नवी गाणी लिहिणं का थांबवलंत? हेल्वी हसली आणि आपल्या भाषेत बोलता बोलता मध्येच इंग्रजीत एक वाक्य म्हणाली, पाठ असल्यासारखं. अक्षरन् अक्षर माझं. आयर्लंडहून तसं पत्र आलं होतं, ती म्हणाली, आणि त्यांचं बरोबरच होतं.

अनघाने मान वर केली. "असं कोण लिहितं रे कुणाला?"

"असतात लोक," मी म्हणालो, आणि तिच्या पुढ्यातल्या थोड्या पाकळ्या ओढून सोलायला लागलो.