डग्ग्याच्या कडीतलं जोडवं

लातूरला नातीकडे गेले होते. ती गाणं शिकवते. तिच्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर जुनी चर्मवाद्यं जमवतात, ती दाखवायला मला घेऊन गेली.

मास्तर खरे जाणकार. संबळ, हलग्या, एक मातीचा डग्गासुद्धा. कुठलं खोड जुनं, कुठली चामड्याची पुडी मागाहून चढवलेली, सगळं बोट ठेवून सांगत होते. मग एका उंच, निमुळत्या तांब्याच्या डग्ग्यापाशी थांबले.

"हा दुर्मिळ. आता डग्ग्याला चामड्याच्या वाद्या असतात, ह्याला दोरी आणि ती ताणायला कड्या. दोरी मी नवी ओवली, कड्या मूळच्या. सगळ्या पितळी आणि ही एकच चांदीची. दरबारातला असणार. संग्रहालयाला देतोय, पाटीही लिहून ठेवलीय."

मी वाकून पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दरबाराची कडी कसली, माझं जोडवं होतं ते.

नांदेडहून चाकूरकडच्या खेड्यात सून होऊन गेले तेव्हा माझा तोरा काय सांगावा. माहेरी एक उन्हाळा तबला शिकले होते, तेवढ्यावर अख्ख्या तालुक्याला ताल मीच शिकवणार असं वाटायचं. गावात बायकांचं भजनी मंडळ होतं आणि त्यांचा हा डग्गा. पहिल्याच एकादशीला "आमच्या नांदेडात असं ताणतात" म्हणत मी दोरी अशी खेचली की कडी तुटून चुलीपाशी गेली. बाईसाहेबांचं नांदेड तिथंच संपलं. मग साबण लावून डाव्या पायातलं जोडवं काढलं आणि दोरीत ओवलं.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझं लगीन माझ्या पोराशी लावलं का ह्या डग्ग्याशी?"

"आत्याबाई, आधी आवाज तर ऐका."

आवाज मात्र लागला. असा भरीव लागला की पुढं कितीतरी वर्षं आमच्या बायका त्याच्यावर भजन करत गावोगाव फिरल्या. नायगावकडं एका सप्ताहाला कुणी मागून नेला, तो परत आला नाही.

हे सगळं मास्तरांना सांगितलं. ते नम्रपणे म्हणाले, "आजी, चांदीची कडी कुणीही घालेल. तुमचीच कशावरून?"

प्रश्न रास्त होता. पण ती पाटी एकदा लागली की लागली. डग्गा कायमचा दरबाराचा होणार आणि आमच्या बायकांनी त्याला हातच लावला नव्हता असं ठरणार. मी खुर्चीत बसले, चप्पल काढली आणि उजवा पाय पुढं केला. डाव्या पायात मी सासूबाईंचं साधं जोडवं घालते, उजव्यात मात्र लग्नातलंच आहे. गव्हाच्या दाण्यांची नक्षी, त्यात सोनारानं एक दाणा उलटा कोरलेला. दोन्हींवर.

नातीनं मोबाइलचा उजेड धरला. मास्तर एकदा डग्ग्याकडं वाकले, एकदा माझ्या पायाकडं. मग हसतच खाली बसले.

"दरबार बुडाला म्हणायचा," म्हणाले. "आजी, दुसरंही देता का? जोडी होईल."

"मालक हायत अजून. त्यांना इचारा."

त्यांनी जुनी पाटी फाडली. नवीवर लिहिलं, बायकांचं भजनी मंडळ, चाकूर परिसर. खाली लिहू लागले, एक कडी नंतर बदललेली.

"बदललेली न्हाई," मी म्हटलं. "दोरी तुम्ही बदलली. त्या जोडव्याशिवाय हा डग्गा आमच्याकडं बोललाच नव्हता कधी."

मास्तरांनी ती ओळ खोडली आणि लिहिलं, कड्या सर्व मूळच्या.

नातीनं पाटीचा फोटो काढला. मी म्हटलं, पायाचाही काढ.