उरलंसुरलं ताईचं

दुपार कलली की गादीवाल्याच्या दुकानात कापूस खाली बसायचंच विसरायचा. पिंजलेले तंतू उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहायचे, आणि त्यांच्या मधोमध मांडी घालून बसलेला तो, भुवयांपासून मिशांपर्यंत पांढराफटक, टाके घालता घालता निम्मा झोपेत असायचा. गल्लीतली पोरं त्याला ढगमामा म्हणायची.

घरात माणसं दोनच, तो आणि थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला आणि त्या धबडग्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. त्याचा जीव होता हो तिच्यावर! जुन्या गाद्या उसवल्या की गिऱ्हाइकांनी नको म्हटलेला कापूस तो टाकायचा नाही. तो ताईचा. तिची गादी, उशी, सगळं त्यातलंच. "माझी ताई अख्ख्या गावाच्या उबेवर झोपते," असं तो येईल त्याला सांगायचा. ताई नुसती हसायची.

एकदा दाभण त्याच्या अंगठ्यात शिरलं. अंगठा टम्म फुगला, आत पू झाला. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पूर्वी कुठलं औषध बाधलंय का?" तो नाही म्हणाला. त्यांनी जखम साफ केली, कॅप्सूल दिल्या आणि बजावलं, "बरं वाटलं तरी मधेच सोडायच्या नाहीत." पण ठणका थांबला आणि पठ्ठ्याने कॅप्सूल बंद केल्या. गरज सरो, वैद्य मरो! उरलेल्या मात्र जपून ठेवल्या. उरलेलं टाकायची सवयच नव्हती ना.

पुढे ताईचा घसा धरला. याला काय आनंद! "ही कॅप्सूल घे, एकदम जालीम आहे."

"लहानपणी मला कसलंसं औषध बाधलं होतं रे," ताई म्हणाली. "नाव नाही आठवत."

"तुझं आपलं काहीतरीच! मी खाल्ली, मला काय झालं?"

भावाने दिलेलं तिने आजवर कधी परत केलं नव्हतं. तिने ती गिळली आणि दुकानातच एका गादीला टेकून बसली. तो टाके घालत राहिला. ऊन, कापूस, सुईची लय. ताईलाही डुलकी लागली असेल, असं त्याला वाटलं. सहज मान वळवली तर तिच्या हातांवर लालभडक गांधी उठलेल्या, ओठ सुजलेले, आणि श्वास शिटीसारखा वाजतोय. "ताई!" तिला बोलताच येईना. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

शेजारच्या टेम्पोत अर्धवट शिवलेल्या गादीवर टाकून तिला इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या मांडीत इंजेक्शन दिलं, नाकाला नळी लावली. पांढरे पडदे हलत होते. आपण अजून दुकानातच आहोत, आत्ता उठू, ताई चहा विचारेल, असं त्याला वाटत राहिलं. शेवटी तिच्या श्वासातली शिटी थांबली. त्याचा जीव भांड्यात पडला आणि तो ढसाढसा रडला.

"ते औषध तुमचं होतं, त्यांचं नव्हे," त्याच्याकडून सगळं ऐकून बाई म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष त्याच्या अंगठ्याकडे गेलं. तो पुन्हा लाल झाला होता. "आणि तुम्ही स्वतःही ते पुरतं घेतलं नाहीत." अंगठ्यासाठी नवं औषध सुरू झालं. ताईला कुठलं औषध चालत नाही, ते तिच्या कागदावर ठळक लिहिलं गेलं.

ताई घरी आली, तेव्हा त्याने नव्या कापसाचा गठ्ठा आणून ठेवला होता. तिची जुनी गादी त्याने उसवली. आत नुसत्या गाठी, दगडासारख्या.

"इतकी वर्षं यावर झोपलीस? एका शब्दानं बोलली नाहीस?"

"औषध बाधतं, हे तर बोलले होते," ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते त्याच्या काळजात गेलं.

त्याने दाभण बाजूला ठेवलं आणि तिच्याजवळ येऊन बसला. भोवती कापूस तरंगत होता. "आता बोल," तो म्हणाला. "आता ऐकतो."

"आधी तुझी दुपारची कॅप्सूल घे," ताई म्हणाली. "मग सांगते."