डाव्या बाजूचा श्वास

चौकात कुणी उतरवून टाकलेला नारळ दिसला, की आमच्या गावच्या बायका पदर सावरून लांबून जातात. मी तो उचलून चटणीला वापरला असता... या गोष्टी मी मुळी मानतच नव्हते. अंगात येणं, बाधा, करणी हे सगळं आमच्या जाऊबाई रंगवून सांगायला लागल्या की मला हसू यायचं. मी चौथी शिकलेली. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहितेय. कुणाला दाखवीन की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

मी मोहोळजवळच्या खेड्यातली. टीबीनं माझं डावं फुफ्फुस पार सडलं, म्हणून सोलापूरच्या एका मोठ्या दवाखान्यात ते काढून टाकलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. बगलेखालून पाठीपर्यंत शिवण आहे. डावीकडे आत काही नाही, छातीच्या फोटोतही तसंच दिसतं. काढलेलं फुफ्फुस डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरांना दाखवायला औषधाच्या पाण्यात, काचेच्या बरणीत घालून ठेवलंय.

त्या दवाखान्यात छातीचे डॉक्टर तयार होतात. साधे डॉक्टर झालेली पोरं-पोरी तिथं आणखी काही वर्षं शिकतात आणि शेवटी त्यांची परीक्षा होते. परीक्षेला आमच्यासारखे पेशंट लागतात, ज्यांच्या छातीत काहीतरी वेगळं सापडतं असे. पोरांनी तपासायचं आणि काय सापडलं ते बाहेरगावाहून आलेल्या मोठ्या सरांना सांगायचं. मला दरवेळी निरोप यायचा. जेवण मिळायचं, औषधं मिळायची... नाही कसं म्हणणार? वॉर्डातले मामा मला नावानं हाक मारत नसत. "डावी रिकामी आली का?" असं विचारायचे. मी "आले" म्हणायची.

एकच ताकीद असायची. पोरांनी विचारलं तर आजार कधी झाला, कसा झाला ते सांगायचं. पण मोठे सर आले की विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

त्या उन्हाळ्यात माझ्याकडे वैशाली नावाची डॉक्टर आली. बाकीची पोरं छाती ऐकायची नळी तशीच पाठीला लावतात, गार लागून अंग शहारतं. हिनं आधी नळीची चकती तळहातावर घासून ऊन केली.

"काकू, कुठल्या तुम्ही?"

"मोहोळकडची."

"मी माळशिरसची की! घाबरू नका, मी जास्त घाबरलेय." मग हळूच म्हणाली, "आज नापास झाले तर आई म्हणणार, बास झालं शिक्षण, ये घरी. पोरगं बघूनच ठेवलंय तिनं."

मला हसू आलं. ती माझ्या मागं गेली. उजवीकडे ऐकलं, मग डावीकडे. तिथं कुणी फार वेळ थांबत नाही, ही मात्र थांबली.

"काकू, श्वास रोखून धरा बरं."

मी धरला. आणि मला कळलं... मी श्वास धरला होता, छाती थांबली होती, पण डावीकडे आत काहीतरी संथ वर-खाली होत होतं. झोपलेल्या लेकराच्या पाठीवर हात ठेवल्यावर कसं लागतं, तसं. ऑपरेशननंतर असं कधीच झालं नव्हतं.

वैशाली पुढं आली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. काही विचारणार होती, तेवढ्यात मोठे सर आले. सोबत आमच्या वॉर्डचे दोन सर, आणि मागं आपल्या पाळीची वाट बघणारी पोरं.

तिनं सगळं नीट सांगितलं. शिवण, डावीकडे दबलेली छाती, बाजूला सरकलेली श्वासनळी. सर मान हलवत होते.

"आणि डावीकडे काय ऐकू आलं?"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "श्वास ऐकू येतोय, सर."

"उजवीकडचा येत असेल."

"नाही सर. पेशंटनं श्वास रोखला तरी येतोय."

सरांनी स्वतः ऐकलं, मग दुसऱ्या दोघांनी ऐकलं. आत ते चालूच होतं, मला लागत होतं. पण तिघांनीही माना हलवल्या. मोठे सर हसले.

"अहो डॉक्टरीणबाई, एवढी मोठी शिवण दिसली नाही का? हिचं डावं फुफ्फुस त्या कपाटात आहे. जा, तिथं ऐका."

पोरं हसली. तिला वाटलं, ते नुसतं बोलले.

"जा म्हणतोय ना! बरणीला लाव."

ती गेली. कपाट उघडून तिनं बरणीला नळी लावली. मी माझं फुफ्फुस तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. काळपट, वांगं भाजून सोलावं तसं. मागं कुणीतरी म्हणालं, "खोकायला सांगा त्याला." सगळी खोली खदखदली.

"काय म्हणतंय फुफ्फुस?"

वैशालीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज हलला नाही. "तिथं नाही सर. इथंच आहे." तिनं माझ्याकडे बोट केलं.

मी जन्मात कधी चार माणसांत बोलले नाही. पण त्या पोरीचं तोंड बघवेना. मी म्हणाले, "व्हय सर, चालतंय आत. मला बी लागतंय की."

हसणं बंद झालं. मला वाटलं, ऐकलं माझं.

सर माझ्याकडे नाही, तिच्याकडे वळले. "पेशंटला पढवून ठेवलंय?"

"नाही सर..."

"काय बाई, ही तुम्हाला काय म्हणून हाक मारते?"

"काकू," मी म्हणाले.

"आणि कुठली आहे, सांगितलं का?"

"माळशिरसची."

"झालं. गावगप्पा मारून परीक्षा देतात ही पोरं." त्यांनी कागद मिटला. "नापास तर आहेसच. वर परीक्षेत लबाडी! पुढच्या वेळी मी येईन आणि हीच केस देईन तुला."

माझ्या बोलण्यानं तिचं भलं होईल असं वाटलं होतं. तिनं माझ्याकडे रागानंही पाहिलं नाही, नळी गळ्यात अडकवून निघून गेली.

मी गावी आले. पण ते थांबलं नाही. रात्री डाव्या कुशीवर झोपून श्वास धरला, की आत कुणीतरी आपल्या चालीनं श्वास घेत असायचं. मोहोळला पुन्हा फोटो काढला. डावी बाजू रिकामी. जाऊबाई म्हणाल्या, "बघणाऱ्याकडं जाऊ, बाधा काढतो तो." मी गेले नाही. खरं सांगायचं तर भीती वाटेनाशी झाली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालीत, मूलबाळ नाही. आत कुणीतरी होतं...

पुढच्या परीक्षेला निरोप आला. तीच खोली, तेच सर. आणि खरंच, समोर वैशाली. वाळली होती. मला काकू म्हणाली नाही. गाव विचारलं नाही. नळी गार होती.

"श्वास रोखा," एवढंच म्हणाली.

मी रोखला. ते चालू होतं, नेहमीपेक्षा स्वच्छ. ती ऐकत राहिली. तिनं नळी पुन्हा त्याच जागी दाबून धरली. तिला ऐकू येत होतं.

सर आले. "बोला. डावीकडे?"

"काही ऐकू येत नाही, सर."

"नक्की? श्वास रोखला तरी?"

"काहीच नाही, सर."

सर हसले, मग माझ्याकडे वाकले. "काय बाई, तुमचं काय म्हणणं? चालतंय का आत काही?"

वैशाली जमिनीकडे बघत होती. आत वर-खाली, वर-खाली. मला माहीत होतं, व्हय म्हटलं तर तिचं काय होणार.

"न्हाय सर," मी म्हणाले. "आत कुणी न्हाय."

आणि ते थांबलं. हळूहळू नाही. श्वास आत घेतला होता, तो बाहेर सोडलाच नाही... तसं.

"शाब्बास," सर वैशालीला म्हणाले. "आता झालीस डॉक्टर."

माझ्या गाऊनच्या नाड्या तिनंच बांधल्या. बांधता बांधता तिनं डाव्या बाजूला तळहात ठेवला, काही क्षण तसाच ठेवला, आणि काढून घेतला. तिलाही कळलं असावं.

ते काय होतं, मला माहीत नाही. मी म्हणाले म्हणून थांबलं, की थांबायचंच होतं, तेही नाही. रोज डाव्या कुशीवर निजते, श्वास धरते. छातीत दुखेपर्यंत धरते. आता फोटोत दिसतं तेवढंच आहे.