राखीव गोलकीपरचा घरचा सामना

कोल्हापुरात आमच्या पेठेच्या टीमचा मी गोलकीपर होतो, असं मी सिंगापुरात भेटेल त्याला सांगत असे. ते खोटं नव्हतं. फक्त त्यातला ‘राखीव’ हा शब्द मी गाळत असे. टीमने मला गोलपोस्टमध्ये उभं केलं ते ग्रुप फोटो काढताना. एरवी माझं काम म्हणजे सामन्याआधी खऱ्या गोलकीपरला बॉल मारून त्याचं अंग मोकळं करणं, मध्यंतरात लिंबाच्या फोडी वाटणं आणि उरलेला वेळ बाकड्यावर बसून पंचाच्या खानदानाबद्दल बोलणं. माझी जर्सी आईला कधी धुवावी लागली नाही.

सत्त्याण्णव साली मी जहाजदुरुस्तीच्या एका यार्डात इंजिनिअर होतो आणि आम्ही बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. आम्ही म्हणजे मी, बायको आणि प्रायमरी शाळेत जाणारी मुलगी. त्या वर्षी मार्चमध्ये एक ग्रीक मालकाचं जहाज आमच्या ड्राय डॉकमध्ये आलं. त्याचा सेकंड इंजिनिअर अल्बानियाचा होता. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. आठवडाभर आमचं बोलणं पंप आणि व्हाल्व यांच्यापलीकडे गेलं नाही. एकदा कॉफी पिताना मी सवयीने आपली टेप लावली, की आपण गोलकीपर होतो वगैरे.

त्याने कप खाली ठेवला आणि विचारलं, “पहिला की दुसरा?”

इतक्या वर्षांत सिंगापुरात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी खरं ते सांगून टाकलं. “दुसरा.”

उभा राहून त्याने छातीवर हात ठेवला आणि मग माझा हात हातात घेतला. म्हणाला, “माझा धाकटा भाऊही दुसरा आहे.”

“कुठल्या टीमचा?”

“अल्बानियाचा.”

पेठ आणि देश यातला फरक मला कळतो.

मग तो पहिल्यांदा सलग बोलला. भाऊ ग्रीसमधल्या एका लहानशा क्लबात खेळायचा. सकाळी बांधकामावर विटा उचलायचा, संध्याकाळी सराव. त्यांच्या देशातले चांगले खेळाडू असेच देशोदेशी पांगलेले होते. कम्युनिस्ट राजवट जाऊन सीमा उघडल्यावर जो तो मिळेल तिकडे गेला होता. राष्ट्रीय सामना असला की क्लबातून सुट्टी मागून सगळे एकत्र यायचे, खेळायचे आणि परत आपापल्या परक्या गावी जायचे. त्या हिवाळ्यात भाऊ आईला भेटायला घरी गेला आणि तेवढ्यात तिकडे सगळं कोसळलं. दामदुप्पट योजनांत लोकांचे पैसे बुडाले होते, शस्त्रांची कोठारं फुटली होती, रस्त्यावर ज्याच्या त्याच्या हातात बंदूक. आमच्या पेपरात त्याचे फोटो येत होते. त्याच्या गावचा फोन लागत नव्हता. ग्रीसमधला क्लब म्हणत होता, तुमचा भाऊ परत आलेला नाही.

“आई मामाकडे डोंगरात गेली, एवढा निरोप मिळाला,” तो म्हणाला. “भाऊ तिच्याबरोबर नव्हता. तो कुठे आहे, कोणाला माहीत नाही.”

“मग आता?”

“आता जर्मनीशी सामना आहे. तो बाहेर पडला असेल तर तिथे जाईल. दुसरीकडे कुठे जाईल?”

सामना अल्बानियाचा घरचा होता, पण होणार होता स्पेनमध्ये. त्यांच्या देशात तेव्हा सामना घेणं शक्यच नव्हतं. हे ऐकल्यावर मी जरा थबकलो. लग्न आपल्याकडचं आणि कार्यालय परगावचं, इतपत आपण समजू शकतो. पण इथे वऱ्हाडही परगावाहून यायचं होतं, प्रत्येकजण वेगळ्या देशातून, आणि मागे घर उभं आहे की नाही हे माहीत नसताना. आमच्या पेठेची टीम एकदा सांगलीला खेळायला गेली, तेव्हा निम्मे जण एस.टी. चुकली म्हणून आलेच नाहीत.

सामना झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात निकाल आला. जर्मनी तीन, अल्बानिया दोन. गोल करणाऱ्यांची नावं होती. बाकड्यावर कोण होतं ते छापत नाहीत, हे मला अनुभवाने माहीत होतं. पण केबलवर त्याच संध्याकाळी सामना दाखवणार होते. आमच्याकडे केबल नुकतीच आली होती. मी त्याला जेवायला बोलावलं.

बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती सरळ ओट्याकडे वळली. मग म्हणाली, “श्रीखंड करते. आणि अहो, टेप करून ठेवा. नीट दिसलं नाही तर?”

“कोरी टेप नाहीये.”

“ती गणेशोत्सवाची वापरा की. कोण बघतंय?”

त्या टेपवर मंडळाच्या नाटकातली माझी सेनापतीची भूमिका होती. मिशी अर्धी सुटलेली असतानाही मी लढाई थांबवली नव्हती. पण वेळ वाद घालण्याची नव्हती. मी फक्त टेप पूर्ण मागे घेतली नाही. सुरुवातीची माझी एंट्री राहू दिली.

पाहुणा आला तो दारातच बूट काढून. बायकोने माझ्याकडे ‘वळण चांगलं आहे’ असं पाहिलं. त्याने मुलीसाठी चॉकलेट आणलं होतं, पण बसला तो खुर्चीच्या अगदी काठावर.

टीम मैदानात आली. लाल जर्सी, छातीवर दोन तोंडांचा काळा गरुड. राष्ट्रगीत सुरू झालं आणि कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सरकू लागला. पाहुणा सांगत होता, हा ग्रीसमध्ये असतो, हा जर्मनीत, याच्या गावात अजून गोळीबार चालू आहे. प्रत्येकाचा हात छातीवर होता. समोर जर्मनीचे ते उंचेपुरे, युरोप जिंकून आलेले खेळाडू. मी आयुष्यात पुष्कळ टीम रांगेत उभ्या राहिलेल्या पाहिल्या आहेत, पण पाठीमागे काहीच शिल्लक नसताना इतकी ताठ उभी राहिलेली टीम पाहिली नव्हती. आमच्या हॉलमध्ये कोणी हललं नाही. मुलीनेसुद्धा चॉकलेट खाणं थांबवलं.

मग रांग संपली आणि कॅमेरा सरळ नाणेफेकीकडे गेला. बाकडं दाखवलंच नाही.

पूर्वार्धात आमच्या घरी फुटबॉलचा एक नवाच प्रकार चालू होता. बॉल कुठे आहे याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. थ्रो-इन झाला की चौघेही पुढे वाकायचो, कारण रेषेच्या मागे बाकड्याचा कोपरा दिसायची शक्यता असायची. एकदा गुडघे दिसले. गुडघ्यांवरून भाऊ ओळखता येत नाही.

“बाबा, कॅमेरा नॉट शोइंग लाह,” मुलगी वैतागून तिच्या सिंगापुरी इंग्लिशमध्ये म्हणाली.

मी माझ्या ज्ञानाची पोतडी सोडली. “पेपरात लिहिलंय, मध्यंतरापर्यंत गोल नाही. म्हणजे तुमचे दोन्ही गोल पुढे आहेत. गोल झाला की बाकडं उठतं. एरवी कोणी बघत नाही, पण तेव्हा दाखवावंच लागतं.”

पाहुण्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला एकदम पहिला गोलकीपर झाल्यासारखं वाटलं.

मध्यंतरात जाहिराती लागल्या. जाहिरातींवर टेप वाया घालवायची नाही, हा आमच्या घरचा नियम. मी रेकॉर्डिंग थांबवलं. बायकोने ताटं वाढली. पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड. आम्ही मांडीवर ताटं घेऊन बसलो आणि जाहिराती कधी संपल्या ते कळलंच नाही. कळलं तेव्हा माझा हात मनगटापर्यंत श्रीखंडात होता. मी रिमोटकडे झेपावलो.

“खरकट्या हाताने रिमोट नाही,” बायको म्हणाली. हा घरचा दुसरा नियम.

“अगं, रेकॉर्डिंग...”

“हात धुऊन या, तोवर काय होतंय.” आणि ती श्रीखंडाचं भांडं घेऊन पाहुण्यासमोर उभी राहिली. तो “नो, थँक यू” म्हणाला. पण आपल्याकडे पहिल्या नकाराला कोण विचारतं? तिने आणखी एक डाव वाढला. तो मान तिरकी करून तिच्या मागचा टीव्ही बघू लागला, तर तिला वाटलं भांड्यात डोकावतोय, म्हणून तिने तिसरा वाढला.

मी बेसिनपाशी असताना कॉमेंटेटरचा आवाज चढला. जर्मनीवर गोल झाला होता. धावत आलो तेव्हा दिसली ती बायकोची पाठ. ती बाजूला झाली तोवर खेळ पुन्हा सुरू झाला होता. टेपवर काही आलेलं नव्हतं.

पुढ्यातलं श्रीखंड पाहुण्याने मान खाली घालून सगळं संपवलं. बायको आत गेली ती डोळे पुसूनच बाहेर आली. माझ्याशी तेवढंच बोलली, “अजून एक आहे ना?”

“एक आहे.”

त्यानंतर जर्मनीने एकापाठोपाठ एक तीन गोल केले. आम्हाला त्याचं काही नव्हतं. ताटं तशीच होती, कोणी उचलली नाहीत. रेकॉर्डिंग चालू करून धुतलेल्या हातात रिमोट घेऊन मी बसलो होतो. बायको भिंतीला चिकटून उभी, टीव्हीपासून शक्य तितकी लांब. वेळ संपत आली होती. वाटलं, पेपरवाल्यांनी चूक केली असेल.

आणि मग दुसरा गोल झाला. कॅमेरा गोल करणाऱ्यावर गेला, त्याच्या गळ्यात पडणाऱ्यांवर गेला आणि मग क्षणभर लांबून सगळं मैदान दिसलं. बाकड्यावरचे लोक उठून रेषेरेषेने तिकडे धावत होते. सगळे. फक्त एकजण उलट्या दिशेला धावत होता.

“तो,” मी ओरडलो. “तो बघ, तो राखीव गोलकीपर.”

मला ते सांगायला चेहरा लागत नव्हता. आपला गोल होतो तेव्हा आपला गोलकीपर दुसऱ्या टोकाला एकटा असतो. सगळी टीम लांब असते, आनंद करायला त्याच्याजवळ कोणी नसतं. त्याच्याकडे धावतो तो फक्त दुसरा. मीही धावायचो. आमच्या पेठेत त्या धावण्याला कोणी मोजलं नाही, आणि तिकडे जर्मनीसमोर एक माणूस, सामना जवळजवळ हरलेला असताना, तेच करत होता.

मी टेप मागे घेऊन चित्र थांबवलं. आमच्या व्हीसीआरवर थांबवलेलं चित्र थरथरायचं, वर-खाली पांढऱ्या रेघा यायच्या. त्या रेघांमध्ये एक पाठमोरा माणूस. काखेत ग्लोव्ह्ज दाबलेले, एक खांदा पुढे.

पाहुणा टीव्हीपाशी गुडघ्यावर बसला होता. “लहानपणी पाव असाच काखेत घेऊन पळायचा,” तो म्हणाला. “आई ओरडायची, पाव चुरतो म्हणून.” मग त्याने काचेवर बोट ठेवलं आणि तसाच राहिला.

“अंकल, इज इट हिम?” मुलीने हळूच विचारलं.

बायको त्याच्याजवळ जाऊन खाली बसली आणि मला म्हणाली, “अहो, बंद नका करू. राहू दे तसंच.”

सामना कसा संपला ते आम्ही पाहिलं नाही. निकाल माहीतच होता.

जहाज गेलं तेव्हा टेप मी त्याला देऊन टाकली. उन्हाळ्यानंतर त्याचा फोन आला, त्याच्या घरून. फोन लागत होते, आई परत आली होती. भाऊ ग्रीसला पोचला होता. मार्चमध्ये गावाहून तो कसा निघाला, कुठल्या बोटीने, कोणाच्या भरवशावर, हे त्याने सांगितलं आणि मी ऐकलं, पण आजही ते मला नीट कल्पनेत आणता येत नाही. एवढं सगळं करून बाकड्यावर बसायला गेलेला माणूस.

“आई रोज टेप बघते,” तो म्हणाला. “शेजारीपण येतात. पण आधी तुझी मिशी बघावी लागते. पुढे ढकलू देत नाही ती.”

“अरे देवा. काय सांगितलंस तिला? कोण म्हणून?”

“सांगितलं, हा सिंगापूरचा दुसरा गोलकीपर.”

“मग?”

“मग काही नाही. म्हणाली, याला ग्लोव्ह्जऐवजी तलवार का दिली आहे?”