सरकीतले घोडेस्वार

बैलांसाठी सरकी काढायला कणगीत हात घातला, तर फडक्याची गाठ हाताला लागली. सोडून पाहिली. आत बोटाएवढे पाच घोडेस्वार, शिशाचे. अंगात लाल डगले, डोक्यावर टोप, हातात तलवारी. गोऱ्या साहेबांचा रिसाला असतो तसे. मुलांनी खेळावेत असे.

आमच्या घरात मूल नव्हतं. लग्नाला सात वर्षं झाली होती.

गाठ होती तशी बांधून मी सरकीत खोल ढकलली. त्या वर्षांत विलायतेत कापसाला कधी नव्हती एवढी मागणी होती. हे अमरावतीच्या एका व्यापाऱ्याकडे कापूस पारखायला होते. दर पंधरवड्याला गाडीने अकोल्याला जायचे, पाच-सहा दिवस राहायचे. खरेदीला आलेल्या साहेबांमुळे आमच्या बाजारात विलायती मालाचं दुकान लागलं होतं. खेळणी तिथलीच असणार. पण इथे विकत घेऊन कुणासाठी साठवत होते? मन सारखं अकोल्याकडेच धावायचं.

माझे वडील पंतोजी, म्हणून मी लिहा-वाचायला शिकले होते. पण यांना स्वतःहून काही विचारायची मला सवय नव्हती. मग मी नुसती पाहत राहिले. शेजारच्या पोराला खांद्यावर घेऊन हे हसले, ते पाहिलं. अकोल्याहून एकदा आले तेव्हा बाराबंदीचा तुटलेला बंद कुणीतरी शिवून दिला होता. टाके बारीक, एकसारखे. ती बाराबंदी धुताना मी तो बंद दोनदा ओढून पाहिला. निघाला नाही.

कणगीतले घोडेस्वार वाढत गेले. पाचांचे सात झाले, सातांचे नऊ. मला आता प्रत्येक जण ओळखता येऊ लागला. एकाच्या घोड्याचा कान मोडका होता, एकाच्या टोपावर पांढरा तुरा. पांढऱ्या घोड्यावर तलवार उगारून बसलेला एकच होता, आणि सगळ्यांत देखणा तोच.

कार्तिकाच्या अखेरीस हे अकोल्याला गेले. त्यांची गाडी वळणाआड गेली आणि मी कणगीकडे धावले. आठच होते. पांढरा घोडा नव्हता.

म्हणजे देखणा तेवढा नेला. मी सरकीत हात तसाच ठेवून उभी राहिले. तिकडे मूल आहे, मुलाची आई आहे, आज ना उद्या ती दोघं या घरात येतील, आणि मी त्यांची भांडी घासीन. हे सगळं मला इतकं स्पष्ट दिसलं की रडूही आलं नाही.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी हे परतले. मी पाय धुवायला पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला. खंडोबाची तळी उचलायला हे खाली बसले, शेजारचे चार पुरुष बसले. सासूबाईंनी तबकात देव मांडून आणले. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे सगळं चाचपून ठेवायच्या. आमचा खंडोबाचा टाक झिजून नुसता पत्रा उरला होता. त्याच्या शेजारी भंडाऱ्याने माखलेलं काहीतरी उभं होतं. घोडा. वर उगारलेली तलवार. भंडाऱ्याखाली लाल डगल्याची कड दिसत होती.

मी यांच्याकडे पाहिलं. हे तबकाकडे पाहत होते. ओळखलं, ते मला कळलं. पण बाकीच्यांबरोबर त्यांनीही तबकाला हात लावला आणि येळकोट म्हणत तीनदा वर उचललं.

मंडळी गेल्यावर सासूबाईंनी मला जवळ ओढलं.

"देव असा सरकीत लपवते का वं कोणी? पोरासाठी नवस बोलली, तर मले सांगाचं होतं. म्या काई नाई म्हटलं असतं?"

त्या कणगीत सरकी किती उरली ते बघत होत्या, तेव्हा हाताला लागला म्हणे. गाठीतून तेवढाच निसटला असणार. मी मान खाली घातली. त्यांना ते लाजणं वाटलं.

दुपारी हे गोठ्यात बैलांपाशी होते. मी सरकीची पाटी घेऊन गेले आणि सात वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून विचारलं.

"ते घोडेस्वार कोणासाठी आहेत?"

हे बैलाची पाठ चोळता चोळता म्हणाले,

"माह्यासाठीच."

मग थोडं थोडं सांगितलं. लहानपणी त्यांचे वडील परतवाड्याच्या छावणीत घोड्यांसाठी गवत विकायचे. हे भाऱ्यावर बसून कवायत पाहायचे. एकदा तरी घोड्यावर बसावं असं फार वाटायचं.

"कोणी बसू देल्लं नाई. आता एवढा बाप्या मानूस खेळणे घेते म्हटलं तर लोकं हासतीन. म्हून लपवले."

"आणि बंद कोणी शिवला?"

"कोनता बंद?"

"बाराबंदीचा."

"असन कोण्या शिंप्यानं शिवला," म्हणाले आणि बैलाला पाणी दाखवायला उठले. जाताना एवढंच सांगितलं की मायला काही बोलू नको, तो देव्हाऱ्यातच राहू दे.

घोड्यांचं मला पटलं. तसं तोंड करून कुणाला खोटं बोलता येत नाही. पण शिंप्याचे टाके मला ओळखता येतात, आणि ते शिंप्याचे नव्हते.

पुढच्या खेपेआधी मी बाराबंदीचे सगळे बंद लाल दोऱ्याने पक्के करून दिले. हे आठव्या दिवशी आले. मी बाराबंदी धुवायला घेतली आणि उन्हात धरून एकेक बंद पाहिला. सगळीकडे माझाच लाल दोरा होता. आत आले तर हे चुलीपाशी पाटावर एक नवा घोडेस्वार उभा करत होते, लपवत नव्हते. काळ्या घोड्यावरचा होता. मी त्याला हातात घेऊन पाहिलं आणि पुढल्या खेपेसाठी लाल दोरा उरलाय का ते बघायला गेले.