चौथी सायकल आणि टाकीचा चढ

सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी मावशींनी मास्तरांच्या दंडाला पट्टा आवळला. मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले. जन्मभर पोरांवर छडी चालवलेल्या या माणसाला सुई बघवत नाही.

"चहा नाही ना घेतला?"

"अजून पाच मिनिटं लावली असतीत, तर घेतला असता."

मावशी हसल्या नाहीत. रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी त्या बावीस वर्षं घरोघर जाऊन नमुने गोळा करतात, तेही सायकलवर. गेल्या महिन्यात पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर त्या पडल्या, कोपर सुजलं. तेव्हापासून तो चढ त्या सायकल हातात धरून चढतात आणि नऊ मिनिटं जास्त लागतात. वरच्या घरांतली दोन माणसं परवा वाट बघून बघून चहा पिऊन मोकळी झाली. उपाशीपोटीची तपासणी गेली. फेरी मावशींकडे ठेवायची की नव्याने घेतलेल्या स्कूटरवाल्याला द्यायची, हे आज लॅबच्या डॉक्टरीणबाई सांगणार होत्या. फेरी गेली तर दिवसभर काउंटरवर बसून फोन उचलायचा.

मावशींची पहिली सायकल थोरल्या भावाने टाकून दिलेली. तिच्या आडव्या दांड्याखालून पाय घालून त्या चालवायला शिकल्या. साखळीवरचं झाकण कधीच गेलं होतं, त्यामुळे त्या काळातल्या त्यांच्या एकूण एक सलवारीच्या उजव्या पायाला ग्रीसचा डाग आहे. दुसरी लग्नानंतर नवऱ्याने हौसेने आणली, पुढे टोपली असलेली. ती इस्पितळाबाहेरून चोरीला गेली.

"कुलूप लावलं होतंस का?" नवऱ्याने विचारलं.

"लावलं होतं. कुलूप तिथंच आहे."

लॅबमध्ये लागल्या तेव्हा तिसरी घेतली आणि नमुन्यांचा डबा मागच्या कॅरियरला घट्ट बांधला. त्या आठवड्यात नऊ नमुने वाया गेले. रक्ताला हिसके बसले की त्यातल्या पेशी फुटतात, रक्तावर सुटणारं पिवळसर पाणी लाल होतं आणि आकडे खोटे येतात. मावशी नऊ घरी पुन्हा सुई घेऊन गेल्या. एका आजींनी दारातच विचारलं, "कालचं काय केलंस गं? प्यायलीस?" त्या दिवसापासून डबा टॉवेलात गुंडाळून त्या पोटाशी बांधतात. खड्ड्यात सायकल आपटते, तेव्हा हिसका त्यांचं अंग घेतं.

तिसरीची चौकट गंजून मोडली. आताची चौथी काळी, जड आणि बिनगिअरची. मुलगा गिअरची देत होता, "कामाच्या वेळी गिअरचे दात मोजत बसू का?" म्हणून त्यांनी नको म्हटलं.

पावणेनऊला त्यांनी डबा लॅबच्या टेबलावर ठेवला. स्कूटरवाला आधीच येऊन बसला होता. चाळिशीचा, हसरा माणूस.

"मावशी, तुमची सगळी घरं मी पाऊण तासात उरकतो."

"उरकशील रे. डबा कुठं ठेवतोस?"

"डिकीत."

"डिकीत रेनकोट ठेव."

डॉक्टरीणबाईंनी रजिस्टर फिरवून त्याच्यापुढे धरलं. गेल्या आठवड्यातल्या त्याच्या सहा नमुन्यांपैकी चार फुटलेले होते. मग त्या मावशींकडे वळल्या. "आणि तुमच्या दोन घरी चहा झाला."

"झाला," मावशी म्हणाल्या. "वरची सात घरं याला द्या. मला तो चढ आता होत नाही. डबा कसा बांधायचा ते मी दाखवते."

हे वाक्य त्यांनी महिनाभर टाळलं होतं. डॉक्टरीणबाईंनी होकारार्थी मान हलवली. मावशींनी स्कूटरवाल्याला उभं केलं, रिकामा डबा त्याच्या पोटाशी धरून टॉवेलाची गाठ पाठीवर मारली आणि जरा उड्या मारून दाखव म्हणून सांगितलं. त्याने मारल्या. काउंटरवरची मुलगी फोन धरूनच हसली.

उद्याच्या यादीत मावशींच्या नावापुढे अकरा घरं आहेत. पहिलं पाच पंचावन्नला. टाकीच्या वरचं त्यात एकही नाही.