वाऱ्याकडे तोंड करून

किस्से म्हणजे माळ्यावरची डबडी. एक काढायला जावं तर चार अंगावर येतात. चिकलठाण्याच्या टपरीवर आम्ही तिघं रिटायर्ड नेव्हीवाले रोज जमतो: मी, फुलंब्रीचा कारभारी आणि हर्सूलचे शेखभाई. तिघंही एकाच विमानवाहू जहाजावर होतो. इथं समुद्रच नाही, त्यामुळे आमची फेकाफेक पकडायलाही कुणी नाही!

\*

कारभारीचे वडील मेंढरंवाले. जहाज बघायला मुंबईला आले. सगळं पाहून झाल्यावर म्हणाले, "मेंढरू प्यायला मान खाली घालतं, तवाच लांडगा येतो. तुमचं जहाज मान कवा घालतं?"

"विमान उतरवताना, आबा. तवा वाऱ्याकडं तोंड करून सरळच पळावं लागतं. इकडंतिकडं वळता येत नाय."

"मंग विमानं कशाला घेतली?"

\*

एकदा सराव होता. आपलीच पाणबुडी शत्रू झालेली. शेखभाई डेकवर दुर्बीण घेऊन पहाऱ्याला. "दूर तक कुछ नहीं, साब!" असा त्यांनी ठणकावून रिपोर्ट दिला.

लगेच पाणबुडीचा रेडिओ आला, "तुम्ही बुडालात. आणि मागच्या रेलिंगवरचं लाल बनियन काढा, उडून जाईल."

बनियन शेखभाईंचंच होतं. पण ते आजही मागे हटत नाहीत. "मैं ऊपर का बोला था. नीचे का कौन पूछा?"

\*

परवा टपरीवर एक पोरगा मोबाइल दाखवत म्हणाला, "काका, आता एका ड्रोनमधी तुमचं जहाज खल्लास."

कारभारी शांतपणे म्हणाला, "आधी सापडू तर दे. समुद्र हाय तो, जालना रोड नाय."

"जालना रोड पे तो बस भी नहीं मिलती," शेखभाई म्हणाले.

\*

युद्धाच्या दिवसांत मी ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकतात त्या वरच्या खोलीत, कॅप्टनसाहेबांच्या शेजारी रेडिओवर होतो. एक विमान परतायचं होतं आणि त्याचं इंधन संपत आलेलं. तेवढ्यात सोबतच्या जहाजाकडून खबर आली, जवळपास पाणबुडी असावी. विमान घ्यायचं तर वाऱ्याकडे सरळ पळायचं, जहाज वाचवायचं तर नागमोडी. खाली शेकडो माणसं. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू?

पायलट पोरसवदा होता. त्यानंही खबर ऐकली होती. म्हणाला, "सर, आप मत मुड़िए. मैं पानी में उतरता हूँ."

साहेबांनी हात लांब करून माझ्या सेटचा आवाज बंद केला आणि जहाज वाऱ्याकडे वळवायला सांगितलं.

विमान नीट उतरलं. पोरगा धावत वर आला, सॅल्यूट ठोकला. "सर, मैं बोल रहा था कि..."

साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आज इसका सेट खराब है."

"सुबह से, सर," मी म्हणालो.